देवमासा कुठे पळून जात नाही

वाचक विचारतात : निसर्ग-इतिहास संग्रहालय पाहायला निघताना

सुट्ट्या जवळ आल्या की संग्रहालयांविषयीची पत्रं वाढतात, आणि निम्म्या पत्रांत एकच काळजी असते : सगळं पाहून कसं होईल? होत नाही. हे घरातून निघतानाच मान्य केलं की पुढचं बरंच सोपं होतं. या वेळी पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : नाताळात लंडनला नणंदेकडे जातोय. बरोबर सात वर्षांचा मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. नॅचरल हिस्ट्री म्युझियमसाठी एकच दिवस मिळतोय. सगळं पाहायचं तर किती वाजता पोहोचावं? (गृहिणी, डोंबिवली)

आधी तारीख तपासा. हे संग्रहालय २४, २५ आणि २६ डिसेंबरला बंद असतं. बाकी दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ५.५०, शेवटचा प्रवेश ५.३० ला. प्रवेश फुकट आहे, पण संकेतस्थळावर वेळेचं मोफत तिकीट मिळतं ते काढून ठेवा. २७ डिसेंबरला ते पुन्हा उघडतं तेव्हा तिकडच्या शाळांनाही सुट्टी असते आणि रांग दाराबाहेर जाते. विशेष प्रदर्शनांना मात्र वेगळे पैसे पडतात.

वेळ सकाळी १० चीच घ्या. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथले दुपारचे चार म्हणजे तुमच्या मुलाच्या पोटातले रात्रीचे साडेनऊ. पहिले तीन-चार दिवस तो पहाटे चारला टक्क जागा होईल आणि दुपारी तीनला रडायला लागेल. दुपारची वेळ घेऊन गेलात तर त्याला कडेवर घेऊन डायनासोर पाहावे लागतील. शिवाय डिसेंबरअखेर तिथे चारच्या सुमाराला अंधारच पडतो. सकाळी १० ते दीड एवढा वेळ धरा. साडेतीन तासांपुढे मोठ्यांचंही लक्ष राहत नाही, पाय तेवढे चालत राहतात.

सासूबाईंसाठी भुयारी रेल्वे टाळा. साउथ केन्सिंग्टन स्थानकातून संग्रहालयाकडे जाणारा बोगदा सोयीचा आहे, पण स्थानकात जिने आहेत आणि बोगदाही लांब आहे. बसने किंवा टॅक्सीने जा आणि एक्झिबिशन रोडच्या दाराने आत शिरा, तिथे पायऱ्या नाहीत. क्रॉमवेल रोडचं मुख्य दार फोटोत सुंदर दिसतं, पण समोर पायऱ्या आहेत. चाकांची खुर्ची हवी असेल तर आठवडाभर आधी ईमेल करून विचारून ठेवा.

आता क्रम. एक्झिबिशन रोडच्या दाराने शिरलात की समोरच सोफी उभी असते : सुमारे साडेपाच मीटर लांबीचा स्टेगोसॉरस जातीचा डायनासोर, जवळजवळ पूर्ण सापडलेला. मुलगा तिथेच अडकेल. अडकू द्या, पण पाच मिनिटं. मग तडक निळ्या विभागात डायनासोरच्या दालनाकडे निघा. (विभागांना रंगांची नावं आहेत : निळा, हिरवा, लाल, नारिंगी.) सगळ्यात आधी भरतं ते हेच दालन, अकरानंतर तिथे चर्चगेटची सहाची गर्दी असते. आत एकाच दिशेने चालायचं असल्यामुळे अर्ध्यातून मागे फिरणं कठीण, म्हणून मुलाला आधी स्वच्छतागृहात नेऊन आणा. आत एक टी-रेक्स आहे तो मान हलवतो आणि गुरगुरतो. लहान मुलं तिथे हमखास घाबरतात. रबर आणि मोटार आहे हे घरीच सांगून ठेवा, जमलं तर व्हिडिओ दाखवा.

देवमासा नंतर पाहा, तो कुठे पळून जात नाही. मधल्या मोठ्या हिंट्झ हॉलच्या छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. नाव 'होप'. लांबी २५.२ मीटर, म्हणजे आपल्या लोकलच्या एका डब्यापेक्षा जास्त. १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्डजवळ ही मादी वाळूत रुतली. २०१७ पासून तिचा सांगाडा या हॉलमध्ये आहे. खालून फक्त बरगड्या दिसतात. लिफ्टने वरच्या सज्ज्यात जा, म्हणजे ती तोंड उघडून खाली सूर मारताना दिसेल. मुलाला तिचे दात शोधायला सांगा. सापडणार नाहीत. निळा देवमासा पाणी गाळून खातो आणि त्याची गाळणी आपल्या नखांच्याच पदार्थाची असते, हाडाची नाही. सासूबाईंना हॉलमध्ये बसायला जागा मिळाली तर त्यांनी छताकडे पाहावं : १६२ चौकटींत वनस्पती रंगवल्या आहेत. कमानींवर चढणारी भाजक्या मातीची माकडंही आहेत. मान वर करून पंधरा मिनिटं सहज जातात.

तिसरी आणि शेवटची जागा त्याच हॉलच्या वरच्या मजल्यावरचं 'ट्रेझर्स' दालन. छोटं, शांत, फक्त २२ वस्तू : डोडोचा सांगाडा, चंद्रावरचा दगड, पिसांचे ठसे असलेला आर्किऑप्टेरिक्स हा प्राचीन पक्षी. एवढं झालं की बाहेर पडा. मुलात अजून दम असेलच तर लाल विभागातला पृथ्वीच्या गोळ्यातून वर जाणारा सरकता जिना दाखवा.

या संग्रहालयाच्या संग्रहात सुमारे ८ कोटी नमुने आहेत. त्यातले तीस नीट पाहिलेत तरी दिवस सत्कारणी लागला.

एक बारीक गोष्ट, जी हमखास नडते : जाकिटं. बाहेर चार अंश, आत हीटर. तीन जाकिटं, तीन टोप्या आणि एक मफलर हातात घेऊन कोणालाच काही दिसत नाही. पैसे द्यावे लागले तरी ती सामानघरात ठेवा. सुटकेस घेऊन तर जाऊच नका. दालनांत खायला मनाई आहे. पराठे-ठेपले बरोबर असतील तर दारातल्या माणसाला डबा खायची जागा विचारा.

प्रश्न : सहावीच्या ४८ मुलांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग-इतिहास विभागात न्यायचं आहे. मागच्या खेपेला मुलांनी पाट्या उतरवून काढल्या आणि कोणालाच काही आठवत नव्हतं. (शिक्षिका, परळ)

पाट्या उतरवायला लावल्या की मुलं पाट्याच पाहतात. वीस प्रश्नांची कार्यपत्रिका हे सहलीचं सगळ्यात मोठं दुखणं. या वेळी प्रत्येकाला एक कोरा कागद, एक पुठ्ठा आणि एक पेन्सिल द्या. पेन नको, शाई गळली तर डाग निघत नाही आणि बऱ्याच संग्रहालयांत पेन चालतही नाही. प्रत्येकाने एकच प्राणी निवडायचा, त्याच्यासमोर बारा मिनिटं बसून चित्र काढायचं आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची : डोळे समोर आहेत की बाजूला? पाय आणि तोंड पाहून तो काय करत असेल? आणि काचेच्या आतली खरी जमीन संपून चित्र कुठून सुरू होतं?

तिसरा प्रश्न मुलांना सगळ्यात आवडतो. वाघ, गवा, रोहित (फ्लेमिंगो), महाधनेश (मोठा हॉर्नबिल) यांची दालनं म्हणजे एकेक छोटा रंगमंच आहे. पुढे माती, दगड, गवत आणि कृत्रिम पानं. मागे रंगवलेलं जंगल. अशा देखाव्यांत मागची भिंत बहुधा कोपरे न ठेवता गोलाकार वळवतात, म्हणजे डोळ्याला कोपरा सापडत नाही आणि खोली खूप लांबवर गेल्यासारखी वाटते. रंगवलेलं गवत आणि खरं गवत जिथे भेटतं तो जोड लपवण्यात कलाकाराचं सगळं कसब असतं. तो जोड शोधताना मुलं दहा मिनिटं काचेला डोळे लावून उभी राहतात, आणि तेवढ्यात प्राणीही नीट पाहून होतो.

गव्यापुढे थांबाल तेव्हा खांद्यावरचा उंचवटा दाखवा. तो चरबीचा नसतो. पाठीच्या मणक्यांची वरची टोकं तिथे लांब वाढलेली असतात आणि मानेचे स्नायू त्यांना धरतात. पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. रोहितांपुढे चोच पाहायला सांगा : मध्येच वाकलेली. तो डोकं उलटं करून पाण्यात चोच घालतो आणि गाळून खातो, म्हणजे काम देवमाशाचंच. ठाणे खाडीत किंवा शिवडीला ज्यांनी रोहित पाहिले असतील त्यांना विचारा, चोच कशी होती. गडद लाल असेल तर छोटा रोहित, गुलाबी आणि टोकाला काळी असेल तर मोठा.

आता व्यवस्था. किमान तीन आठवडे आधी शिक्षण विभागाला पत्र द्या. तारीख, इयत्ता, माध्यम, मुलांची आणि मोठ्यांची संख्या लिहा आणि शाळांसाठीची सवलत त्याच पत्रात विचारा. संग्रहालय सव्वादहाला उघडतं, तुम्ही दहाला फाटकाशी असा. काळा घोड्याला बस उभी करायला जागा मिळत नाही. मुलांना महात्मा गांधी रोडवर उतरवून बस पाठवून द्या आणि परत यायची वेळ चालकाला लिहून द्या. दप्तरं बसमध्येच राहू देत.

सहा गट करा, प्रत्येकी आठ मुलं आणि एक मोठं माणूस. सगळे गट एकदम आत सोडलेत तर अठ्ठेचाळीस मुलं वाघासमोर गोळा होतील आणि मागच्या तीस जणांना पुढच्यांची डोकी दिसतील. दोन गट सस्तन प्राण्यांकडे, दोन पक्ष्यांकडे, आणि दोन शिल्पांच्या दालनात पाठवा, तिथे देवांच्या वाहनांतले प्राणी शोधू द्या. पंचवीस मिनिटांनी अदलाबदल. दीड तासात उरकतं. त्यानंतर मुलांना भूक लागते आणि भुकेल्या सहावीला कोणीही काही शिकवू शकत नाही.

जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीचे काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस टाळा. जुलै-ऑगस्टच्या आठवड्याच्या मधल्या वारी दालनं बऱ्यापैकी मोकळी असतात, फक्त ओल्या छत्र्या आणि रेनकोटांसाठी दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या न्या.

प्रश्न : नातीला डायनासोरची खरी हाडं पाहायची आहेत, मॉलमधले फायबरचे नकोत. मुंबईत कुठे नेऊ? (आजोबा, मुलुंड)

मुंबईत डायनासोरच्या खऱ्या हाडांचा उभा सांगाडा माझ्या माहितीत नाही. जवळात जवळ म्हणजे गुजरातेत महिसागर जिल्ह्यातलं बालासिनोरजवळचं रैयोली. तिथे १९८०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला हाडं आणि अंडी सापडली. त्याच भागातल्या हाडांवरून २००३ मध्ये एका डायनासोरला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव दिलं गेलं. आता तिथे जीवाश्म उद्यान आणि संग्रहालय आहे. रात्रीच्या गाडीने वडोदरा, तिथून रस्त्याने साधारण दोन ते अडीच तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, एप्रिलमध्ये त्या उघड्या माळावर मुलं टिकत नाहीत. नातीला आधी सांगून ठेवा की जमिनीतलं अंडं पांढरं आणि गुळगुळीत नसतं; दगडात दगडाचाच गोल असतो आणि दाखवल्याशिवाय कळत नाही. तिथल्या मार्गदर्शकाला बरोबर घ्याच, नाहीतर तुम्ही अंड्यावरून चालून जाल.

'खरी' या शब्दाबद्दल थोडं. जगातल्या नामांकित संग्रहालयांतही उभे सांगाडे पुष्कळदा ओतीव प्रतिकृती असतात. जीवाश्म म्हणजे दगड. तो जड असतो, ठिसूळ असतो आणि अभ्यासकांना तो सारखा हाताळावा लागतो. म्हणून साचा काढून हलकी प्रत उभी करतात. लंडनचा प्रसिद्ध 'डिप्पी' हा डायनासोरचा सांगाडा प्रतिकृतीच आहे, मूळ हाडं अमेरिकेत पिट्सबर्गला. ती प्रत १९०५ मध्ये लंडनला आली, आणि योगायोग असा की आपल्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिलाही त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला बसली. प्रत आहे की मूळ हे पाटीवर बहुतेक लिहिलेलं असतं. नातीला ती पाटी वाचायची सवय लावा.

गुजरातला जाणं लांबणार असेल तर एखाद्या रविवारी तिला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला न्या. हा सुमारे ६० मीटर उंचीचा काळ्या कातळाचा सुळका म्हणजे लाव्हा थंड होताना तडकून झालेले उभे खांब आहेत. वय सहा ते साडेसहा कोटी वर्षं, डायनासोर संपले त्याच सुमाराचं. मुंबई अशाच लाव्ह्यावर उभी आहे आणि तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. पण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली आणि त्यांच्या गाळात काही जीव राहून गेले. वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेनने. 'डायनासोर' हा शब्द त्याचाच, आणि लंडनचं ते संग्रहालय उभं राहावं म्हणून झटलाही तोच. डायनासोर नसेना का, वरळीचा बेडूक त्याच्या हातून गेलेला आहे.

प्रश्न : काचेतून फोटो काढला की आमचेच चेहरे दिसतात. काय करावं? (वाचक, ठाणे)

मोबाइलची भिंग असलेली बाजू काचेला अलगद टेकवा. रबरी कव्हर असेल तर उत्तम, कडेने येणारा उजेड अडतो. टेकवता येत नसेल तर थोडं तिरकं उभं राहा आणि मागे कोणाला तरी गडद ओढणी किंवा जाकीट धरून उभं करा. पांढरा शर्ट घालून गेलात तर प्रत्येक फोटोत वाघाच्या पोटावर शर्ट उमटेल. फ्लॅश बंदच ठेवा : तो काचेवर फुटतो, आणि बहुतेक ठिकाणी मनाई असते ती वेगळीच. दालनात उजेड कमी असतो, म्हणून दोन्ही कोपरे अंगाशी धरून श्वास सोडताना बटण दाबा. फोटोसाठी वेगळे पैसे पडतात का, ते तिकीट खिडकीवरच विचारा. काच पुसायला स्वतःचा रुमाल काढू नका.

प्रश्न : पाच वर्षांची मुलगी मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या वाघासमोर रडायला लागली, "याला कोणी मारलं?" काय सांगायचं? आणि ते प्राणी एवढे फिके का दिसतात? शेजारच्या हॉर्नबिल हाउसमध्येही पाहता येईल का? (आई, बोरिवली)

खरं सांगा. काही प्राणी प्राणिसंग्रहालयात म्हातारे होऊन मेलेले असतात, बरेचसे जुन्या काळी शिकारीत मारलेले असतात. तेव्हा शिकारीला परवानगी होती; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती गेली. हेही सांगा की त्या प्राण्यांत खरी असतात फक्त कातडी, शिंगं आणि खूर. डोळे काचेचे, जीभ बनवलेली, आत साचा. "तो आत नाहीये, त्याचा सदरा आहे" हे पाच वर्षांच्या मुलीला पटतं.

फिकेपणाचं कारण उजेड. केसांतला आणि पिसांतला रंग वर्षानुवर्षांच्या प्रकाशाने उडतो; वाघाचा केशरी गवताच्या रंगावर येतो, रोहिताचा गुलाबी पांढुरका होतो. दालनं अंधारी ठेवतात ती त्यासाठीच, वीज वाचवायला नाही. मुंबईची दमट हवा त्यात भर घालते : बुरशी धरते, कातडी आकसते, शिवण उसवते. कसर लागू नये म्हणून पूर्वी कातडीला आतून सोमल (आर्सेनिकचं विष) लावत. एखादा जुना पेंढा भरलेला प्राणी काचेबाहेर दिसला तर मुलीला हात लावू देऊ नका, लावलाच तर साबणाने धुवा.

महाधनेशाकडे जरा थांबा. जिवंत पक्ष्याची चोच आणि तिच्यावरचं शिरस्त्राण पिवळंधमक असतं. हा पिवळा बराचसा वरून लावलेला असतो : शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, पक्षी तिच्यावर चोच घासून रंग चढवत राहतो. मेलेल्या पक्ष्याला रोजचं तेल कुठून मिळणार? म्हणून संग्रहालयातली चोच फिकट.

हॉर्नबिल हाउस ही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची कचेरी, संग्रहालय नव्हे. आतला संग्रह अभ्यासकांसाठी आहे आणि आधी परवानगी घ्यावी लागते. मुलीसाठी सोसायटीचं गोरेगावच्या फिल्म सिटीतलं निसर्ग शिक्षण केंद्र बरं, तुम्हाला जवळही पडेल. जायच्या आधी फोन करा. वस्तुसंग्रहालयाला परत जाल तेव्हा चर्चगेटहून ओव्हल मैदानाच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चाला. मेट्रो ३ ने येणाऱ्यांना हुतात्मा चौक स्थानक सोयीचं.

आणि हॉर्नबिल हाउस हे नाव का, असं मुलीने विचारलं तर : सोसायटीच्या जुन्या कचेरीत विल्यम नावाचा एक महाधनेश राहायचा. १८९४ मध्ये कारवारकडून पिल्लू असताना आला, सव्वीस वर्षं तिथेच राहिला. जे दिसेल ते गिळायची त्याला खोड होती. एकदा त्याने जळती सिगार गिळली, ती पचली. १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळला, तो पचला नाही.